भावंडांची पहिली टँडम उडी: नावनोंदणीपासून जमिनीवर टेकेपर्यंत

टँडम उडीत नवख्या माणसाला पॅराशूट हाताळावं लागत नाही. इन्स्ट्रक्टर त्याला स्वतःच्या पुढे चार जागी जोडून घेतो. पाठीवरचं सामान, पॅराशूट उघडण्याची उंची, दिशा, उतरण्याची जागा हे सगळं तोच सांभाळतो. प्रवाशाकडे तीनच कामं उरतात: विमानातून निघताना अंगाला सांगितलेला बाक देणं, पॅराशूट उघडताना अंग ताब्यात ठेवणं आणि उतरताना पाय वर धरणं. ही तिन्ही जमिनीवर अर्ध्या तासात शिकता येतात. नवख्यांची गाडी अडते ती बहुतेक त्याआधी: वजन चुकीचं कळवलेलं असतं, नाक चोंदलेलं असतं, पायात चपला असतात, नाहीतर सगळे एकाच विमानात मावतील असं गृहीत धरलेलं असतं. दोघं-तिघं भावंडं एकत्र निघाली की यात आणखी एक भर पडते, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

होकार प्रत्येकाचा वेगळा

भावंडांच्या बेतात एकजण उत्साही असतो, एकजण तयार असतो आणि एकाला नाही म्हणता येत नसतं. ताईने ठरवलं म्हणून धाकटा मान हलवतो, आणि खरं उत्तर विमानाच्या दाराशी बाहेर पडतं. म्हणून बेत आखणाऱ्याने सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नये. एकेकट्याला विचारावं, आणि ‘तू नाही आलास तरी बाकीचे जातील’ हे त्याच वेळी सांगून टाकावं.

माघार कुठपर्यंत घेता येते हेही सगळ्यांना आधीच माहीत असू द्या. जमिनीवर, विमानात बसताना, वर चढत असताना, केव्हाही ‘मला उडी नको’ म्हणता येतं. तो माणूस विमानातच बसून खाली येतो, यात कुणालाच नवल वाटत नाही. फक्त हे दाराकडे सरकण्यापूर्वी बोलायचं. दारात पाय बाहेर टाकल्यावर चौकट घट्ट पकडली तर दोघांचाही तोल बिघडतो, आणि तो क्षण वाद घालायचा नसतो. भरलेले पैसे अशा वेळी सहसा परत मिळत नाहीत, तेही आधी वाचून ठेवा म्हणजे पैशांपायी कुणी उडी मारणार नाही.

वयाची अट देशागणिक बदलते. अमेरिकेत टँडमसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. ब्रिटनमध्ये १६ व्या वर्षापासून पालकांच्या सहीने जाता येतं. मोठ्या भावाची किंवा बहिणीची सही पालकाची सही म्हणून चालेल असं धरून चालू नका. जोखीम मान्य असल्याचा कागदही प्रत्येक सज्ञान माणूस स्वतः वाचून स्वतःच सही करतो. तो लांबलचक असतो, म्हणून मिळत असेल तर आदल्या दिवशीच मागवून घ्या.

प्रकृतीच्या बाबतीत घरातल्या घरात लपवाछपवी नको. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला आणि नंतर उड्या घडवणाऱ्या केंद्राशी बोलणं. खांदा निखळण्याचा इतिहास लोक हमखास सांगायचा विसरतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात हात पसरायचे असतात, त्यामुळे ही माहिती इन्स्ट्रक्टरला हवीच; तो हात न पसरता हार्नेसवरच, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांवरच, ठेवायला सांगू शकतो.

वजन खरं सांगा

बहुतेक केंद्रांची मर्यादा ९० ते ११० किलोच्या दरम्यान कुठेतरी असते, आणि आल्या आल्या कपडे-बुटांसकट काट्यावर उभं करतात. फॉर्मवर पाच किलो कमी लिहून काही साधत नाही. मर्यादेमागे साधी कारणं आहेत. पॅराशूट, पट्टे आणि शिवणी ठरावीक एकूण भारासाठी बनवलेल्या असतात, आणि त्या भारात प्रवासी, इन्स्ट्रक्टर आणि सामान असे तिघेही येतात. भार वाढला की पॅराशूट उघडतानाचा झटका वाढतो आणि उतरतानाचा वेगही. म्हणूनच वजनदार प्रवाशाला अनेकदा सडपातळ इन्स्ट्रक्टर दिला जातो. ‘आम्हा दोघांना हाच इन्स्ट्रक्टर हवा’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण जोड्या काट्यावरचे आकडे बघून लागतात.

आकड्याइतकीच शरीराची ठेवणही महत्त्वाची. हार्नेस मांड्यांना आणि धडाला नीट बसला पाहिजे. पोट फार पुढे असेल तर वजन मर्यादेत असूनही नकार मिळू शकतो. असा नकार पाळायचा असतो, त्यावर घासाघीस नको.

केंद्राला विचारायचे प्रश्न

इन्स्ट्रक्टरकडे टँडमचा वेगळा परवाना आहे ना, हा पहिला प्रश्न. नुसता अनुभवी स्कायडायव्हर असणं पुरत नाही. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमानुसार टँडम इन्स्ट्रक्टर होण्यासाठी किमान ३ वर्षं या खेळात आणि किमान ५०० उड्या लागतात. दुसरा प्रश्न राखीव पॅराशूटचा. प्रत्येक टँडम संचात मुख्य पॅराशूटखेरीज एक राखीव असतं. ते प्रमाणित रिगर, म्हणजे पॅराशूटचा तंत्रज्ञ, ठरावीक मुदतीने उघडून, तपासून, पुन्हा घडी घालतो. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. घडीची तारीख संचासोबतच्या कार्डावर असते आणि ती दाखवा म्हटल्यावर चांगल्या केंद्राला राग येत नाही.

तिसरा प्रश्न एएडीचा, म्हणजे आपोआप चालू होणाऱ्या सुरक्षा यंत्राचा. हे छोटं यंत्र हवेचा दाब मोजत राहतं. जोडी खूप खाली येऊनही फ्रीफॉलच्या, म्हणजे पॅराशूट उघडण्यापूर्वी पडण्याच्या, वेगातच पडत असेल तर ते राखीव पॅराशूटचा बंद कापून ते मोकळं करतं. टँडमसाठीच्या यंत्रांत ही उंची साधारण ५८० मीटरच्या आसपास असते. ते बसवलेलं आहे आणि मुदतीत आहे, एवढी खात्री करा.

भावंडांनी आवर्जून विचारायचा प्रश्न मात्र वेगळाच: विमान कोणतं? सेसना १८२ सारख्या लहान विमानात पायलटशिवाय चौघांची जागा असते, म्हणजे दोनच टँडम जोड्या. तिघं भावंडं असाल तर एकाला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागणार. सेसना कॅरव्हॅनसारखं मोठं विमान असेल तर सगळे एकाच फेरीत जाऊ शकता, पण तेही नावनोंदणीच्या वेळी लिहून मागितलं तरच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नावांनी नोंदणी केली आणि मग एकत्र पाठवा म्हटलं, की ते जमेलच असं नाही.

आणि एक गैरसमज इथेच मिटवू. एकाच विमानात असलात तरी हवेत तुम्ही एकत्र नसता. जोड्या एकापाठोपाठ, मध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवून बाहेर पडतात. वर वारा जोरात असेल तर हे अंतर वाढवतात, म्हणजे पॅराशूट उघडताना जोड्यांमध्ये पुरेशी मोकळी जागा राहते. हवेत हात धरलेली भावंडं जाहिरातीत शोभतात; पहिल्या टँडमला ती अपेक्षा ठेवू नका. एकत्र असण्याचे खरे क्षण विमानात आणि उतरल्यावर मिळतात. व्हिडिओचंही तसंच. इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरच्या कॅमेऱ्यात फक्त तुमचा चेहरा येतो, वेगळा छायाचित्रकार सोबत उडी मारणार असेल तर विमानातून निघतानाचं दृश्य बाहेरून मिळतं. सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ हवा असेल तर विमानात चढण्यापूर्वीचं चित्रण एकत्र करा असं सांगून ठेवा.

आदला दिवस आणि सकाळ

स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर उडीपूर्वी २४ तास जाऊ द्या. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन, उंचीवर दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. सुट्टीच्या सहलीत डायव्हिंग आणि स्कायडायव्हिंग लागोपाठ आखणाऱ्यांनी क्रम उलटा करावा: आधी उडी, मग समुद्र.

आदल्या रात्री दारू नको. सकाळी उपाशीपोटी जाऊ नका. रिकाम्या पोटी मळमळ आणि चक्कर उलट लवकर येते. दोन-तीन तास आधी हलकं, तेलकट नसलेलं खा आणि पाणी पीत राहा.

सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. वर जाताना फारसं जाणवत नाही, पण चार हजार मीटरवरून सहा-आठ मिनिटांत जमिनीवर येताना बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो. नाक-कान चोंदलेले असले की कानाच्या पडद्यावर ताण येतो, कधी इजाही होते. एका भावंडाची सर्दी म्हणजे बाकीच्यांनीही थांबायचं का, हे आधीच ठरवून ठेवलं की सकाळी वाद होत नाहीत.

कपडे: पाय सहज वर उचलता येतील अशी लवचीक पँट, अंगाबरोबर राहणारा टी-शर्ट, त्यावर हवामानानुसार एखादा थर. उंची वाढते तशी हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे चार हजार मीटरवर जमिनीपेक्षा सुमारे २५ अंश कमी. बूट लेसचे, घट्ट बांधलेले. लेस अडकवायला धातूच्या आकड्या असलेले मात्र नकोत, पॅराशूटच्या दोऱ्या त्यांत अडकू शकतात. अंगठ्या, कानातलं, गळ्यातलं, घड्याळ काढून ठेवा. लांब केसांची वेणी घालून ती कपड्याच्या आत खोचा, कारण मोकळे केस इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर फडफडतात आणि वाऱ्यात त्यांच्या गाठी होतात. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा. खिसे रिकामे, मोबाइल खाली राहणाऱ्याकडे.

सबंध दिवस हाताशी ठेवा. ढग खाली असले किंवा वारा मर्यादेबाहेर गेला की उड्या थांबतात, तासाभराने सुरू होतात, पुन्हा थांबतात. सकाळची दहाची वेळ दिली म्हणून दुपारच्या परतीचं तिकीट काढणारी माणसं उडी न मारताच परततात.

जमिनीवरचं शिक्षण आणि हार्नेस

हे वीस-तीस मिनिटं चालतं. भावंडं शेजारी उभी असली की चेष्टामस्करी होते आणि नेमकी एखादी सूचना निसटते. तेवढ्यापुरतं वेगवेगळं उभं राहा.

हार्नेस चढवताना मांड्यांचे पट्टे घट्ट बसले आहेत ना, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, पाठीमागचा आडवा पट्टा योग्य जागी आहे ना, हे बघा. सैल हार्नेसमध्ये पाय वर घेतल्यावर माणूस मागच्या बाजूने घसरू शकतो. मागचा पट्टा ते रोखण्यासाठीच असतो. चालताना थोडं वाकून चालावं लागत असेल तर हार्नेस बरोबर बसला आहे असं समजा. विमानात तो पुन्हा आवळला जाईल.

विमानाकडे नेहमी इन्स्ट्रक्टरबरोबर आणि मागच्या बाजूने जायचं. पंखा फिरत असताना तो दिसत नाही. फोटोसाठी पुढे धावणाऱ्या भावाला हाताला धरून मागे ओढा, आणि सोडायला आलेल्या घरच्यांना आखलेल्या रेषेच्या आत येऊ देऊ नका.

वर जाताना

विमानानुसार पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. सुरुवातीचा टप्पा सीटबेल्ट लावूनच. मध्येच लोकांना वाटतं की आता पुरेसं वर आलो, आणि तेव्हा अजून निम्मंसुद्धा झालेलं नसतं. शेवटच्या काही मिनिटांत इन्स्ट्रक्टर तुम्हाला आपल्यापुढे ओढून घेतो आणि चार जोड लावतो, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. ‘चारही लागले का?’ असं मोठ्याने विचारा. तो एकेक जोड हात लावून दाखवेल. त्याच्या पट्ट्यांवरच्या रंगीत मुठींना हात लावायचा नाही, आधारासाठीसुद्धा नाही.

बाहेर पडायचा क्रम इन्स्ट्रक्टर ठरवतात. स्वतंत्र उड्या मारणारे सहसा आधी जातात, टँडम नंतर, कारण टँडमचं पॅराशूट जास्त उंचीवर उघडतं. तुमच्या आपसातल्या क्रमाबद्दल मात्र जमिनीवर असतानाच विनंती करून ठेवा: जो सर्वांत जास्त घाबरतो त्याला आधी सोडा. दारातून आपली बहीण क्षणात नाहीशी होताना बघणं हे उडीपेक्षा अवघड जातं, आणि शेवटी राहणाऱ्याला ते दोनदा बघावं लागतं.

दारापाशी

कड्यावर बसल्यावर टाचा विमानाच्या पोटाखाली मागे दुमडायच्या, कंबर पुढे, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, दोन्ही हात छातीजवळ हार्नेसच्या पट्ट्यांवर. अंगाला धनुष्यासारखा बाक आला पाहिजे. असा बाक असला की हवेचा झोत जोडीला पोट खाली अशा स्थितीत आपोआप आणतो. गुडघे पोटाशी घेतले किंवा एक पाय बाहेर फेकला की जोडी कोलांट्या खाते, कधी एका कुशीवर गरगर फिरू लागते. ते फिरणं थांबवणं इन्स्ट्रक्टरला जड जातं, म्हणून पाय दुमडून त्याच्या पायांमध्ये ठेवण्यावर एवढा भर असतो.

सर्वांत महत्त्वाचं: काहीही झालं तरी इन्स्ट्रक्टरचे हात धरायचे नाहीत. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत त्याला ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट फेकायचं असतं. दोन माणसांचं वजन आणि हवेला अडथळा जवळपास एकाच माणसाइतका, म्हणून ड्रोगशिवाय जोडीचा वेग फार वाढतो. ड्रोग तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास रोखून धरतं आणि पुढे मुख्य पॅराशूटही त्याच्याच ओढीने बाहेर येतं.

खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. पाळण्यात पोटात येतो तसा गोळा इथे फारसा येत नाही, कारण विमानाबरोबर तुम्ही आधीच वेगात पुढे जात असता. अडचण होते ती श्वासाची. तोंडावर आदळणाऱ्या वाऱ्याने माणूस श्वास रोखून धरतो आणि त्याला गुदमरल्यासारखं वाटतं. निघताना मोठ्याने ओरडा. ओरडण्यासाठी श्वास सोडावा लागतो आणि पुढचा आपोआप घेतला जातो. नंतर नाकाने घेत राहा.

चार हजार मीटरवरून निघालात तर फ्रीफॉल पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो.

पॅराशूट उघडल्यावर

साधारण १५०० ते १७०० मीटरवर इन्स्ट्रक्टर पॅराशूट उघडतो. त्याआधी तो खूण करतो, तेव्हा हात पुन्हा हार्नेसवर घ्यायचे. वर ओढल्यासारखं वाटतं, पाय खाली झुलतात आणि एकदम शांतता होते. दोऱ्यांना एक-दोन पीळ पडलेले असले तर इन्स्ट्रक्टर ते सोडवतो. ही नेहमीची गोष्ट आहे. मुख्य पॅराशूट सुधारण्यापलीकडे बिघडलं असेल तर तो ते तोडून टाकतो आणि राखीव उघडतो. त्या वेळी पुन्हा काही क्षण पडल्याची जाणीव होते. तुमचं काम तेच: बाक द्या, हात आवरा.

यानंतर कमरेचे जोड थोडे सैल केले जातात आणि तुम्ही एकदम काही इंच खाली सरकता. आधी कुणी सांगितलं नसेल तर इथे किंचाळी फुटतेच. वरचे दोन जोड तुमचा भार पेलत असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मांड्यांचे पट्टे काचून पायांतलं रक्त अडतं आणि काहींना घेरी येते, म्हणून पाय हलवत राहा आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बोला. मळमळ होत असेल तर गिरक्या नकोत म्हणून सांगा. कान बंद वाटले तर नाक दाबून हलकेच हवा ढकला, नाहीतर आवंढा गिळा.

पाच-सात मिनिटांच्या या प्रवासात एकदा तरी पाय वर घ्यायची तालीम होते. ती मन लावून करा, कारण टँडममधल्या दुखापती, म्हणजे घोटा, गुडघा, माकडहाड, जास्त करून उतरताना होतात आणि त्यांचं नेहमीचं कारण म्हणजे खाली राहिलेले पाय. प्रवासी पुढे असल्याने त्याचे पाय आधी जमिनीला लागतात. टाच रुतली की मागचा माणूस वेगासकट त्याच्यावर येतो. ‘पाय वर’ म्हटलं की गुडघे छातीकडे आणि पावलं समोर, हातांनी मांड्यांखाली किंवा पँटच्या कापडाला धरून. ‘उभं राहा’ असा हुकूम मिळेपर्यंत पाय खाली सोडायचे नाहीत, जमीन कितीही जवळ दिसली तरी. बहुतेक वेळा दोघं बसूनच घसरत थांबतात, आणि ते अगदी योग्य उतरणं आहे.

याची तयारी घरी होते. उडीआधी दोन आठवडे रोज खुर्चीच्या कडेवर ताठ बसून दोन्ही पाय सरळ समोर उचला, दहा सेकंद धरा, पाच वेळा करा. ज्या भावंडाला हे जमत नाही त्याने केंद्राला तसं कळवावं.

खाली आल्यावर

जोड सुटेपर्यंत बसून राहा. पॅराशूटच्या दोऱ्यांवर पाय देऊ नका आणि धावपट्टी ओलांडून दुसऱ्या भावंडाकडे धावत सुटू नका. तुमच्या मागून उतरणारी जोडी तिथेच येत असू शकते. सगळ्यांनी भेटायची जागा आधी ठरवलेली असावी, मोकळ्या मैदानाबाहेर.

अर्ध्या-एक तासाने अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं, कधी डोकं दुखतं. पाणी प्या, काहीतरी खा, आणि परतीची गाडी ज्याने उडी मारली नाही त्याच्या हाती द्या. कान दोन दिवसांनंतरही बंदच असतील किंवा दुखत असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि वारा वाढल्यामुळे एखाद्याची उडी राहिली असेल, तर निघण्यापूर्वी त्याची पुढची तारीख आणि भरलेली रक्कम त्याच्या नावावर जमा असल्याचा कागद कार्यालयातून घ्या. पुन्हा येताना काटा, फॉर्म, शिक्षण सगळं पहिल्यापासून होईल, त्यामुळे वेळेआधी पोचायला सांगा.